काठावरचे पाणी काळे पडले तेव्हा

गाडीच्या मागच्या फळीवर ठेवलेल्या सहा बाटल्यांपैकी एका बाटलीचे झाकण नीट बसले नव्हते. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. उत्तर मिनेसोटात कित्येक दिवस म्हणण्यासारखा पाऊस झाला नव्हता, आणि ज्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीत आम्ही दोन उन्हाळे काम करत होतो तिच्या मध्यभागी पाण्याची पातळी हातभर खाली गेली होती. पीटमधले पाणी सिरिंजने ओढायचे, त्याला हवा लागू न देता बाटलीत भरायचे आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत त्यातली फिनॉलिक संयुगे, म्हणजे वनस्पतींतली टॅनिनसारखी द्रव्ये, मोजायची, असे त्या दिवसाचे काम होते. पाच क्रमांकाची बाटली दलदलीच्या काठावरची होती. भरताना तिच्यातले पाणी फिक्या चहासारखे दिसत होते. डबा खाऊन मी परत आले तेव्हा ते खूपच गडद झाले होते, आणि वरच्या थरात, जिथे हवा लागत होती तिथे, त्या तपकिरी रंगात निळसर काळी झाक उतरली होती. त्याच जागेवरून, त्याच वेळी भरलेली सहा क्रमांकाची बाटली शेजारीच होती. तिचे झाकण घट्ट होते आणि पाणी अजून फिक्या चहाच्याच रंगाचे होते.

हा रंग माझ्या ओळखीचा होता, पण ती ओळख प्रयोगशाळेतली नव्हती. माझे आजोळ आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराच्या बाजूला आहे. त्या पट्ट्यात बाळहिरडा गोळा होतो, अंगणात वाळत पडतो आणि मग व्यापाऱ्याकडे जातो. तिथल्या आदिवासी कुटुंबांच्या हातात वर्षाकाठी जो रोख पैसा येतो त्याला या हिरड्याचा मोठा आधार असतो. ओला हिरडा लोखंडी पात्यावर चिरला की पाते काळे पडते. आवळ्याचेही तसेच आहे, म्हणून आजी दर हिवाळ्यात बजावायची, "विळी लगेच धुऊन ठेव गं, नाहीतर शाई होईल तिची." हिरड्यातले टॅनिन आणि लोह एकत्र आले आणि त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळाला की निळसर काळे संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार वापरून कापडाला काळा रंग देणारे रंगारी पिढ्यान्पिढ्या याच रसायनावर काम करत आले आहेत. मला हे लहानपणापासून ठाऊक होते, पुढे रसायनशास्त्र शिकताना त्याची समीकरणेही लिहिली होती, तरी पाच क्रमांकाच्या बाटलीसमोर उभी राहीपर्यंत ते माझ्या रोजच्या कामाशी कधी जोडले गेले नव्हते.

ते जोडले गेल्यावर मला घाम का फुटला, हे सांगायचे तर आधी ती दलदल दाखवायला हवी.

हिमनद्या मागे सरल्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत या भागात मेलेल्या वनस्पतींचे थर कुजण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने साचत गेले. तेच पीट. जगाच्या जमिनीचा जेमतेम 3 टक्के भाग पीटखाली आहे, पण सगळ्या मातीतल्या कार्बनपैकी जवळजवळ एक तृतीयांश कार्बन त्या 3 टक्क्यांत आहे. आम्ही फळ्यांच्या अरुंद वाटेवरून चालतो, कारण पाऊल थेट टाकले तर ते घोट्याच्या वर आत जाते आणि खड्डा पुढच्या वर्षापर्यंत तसाच राहतो. वरचा सगळा गालिचा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या एका वनस्पतीचा, असतो. खोलगट जागी तो हिरवट पिवळा आणि सैल असतो, उंचवट्यावर तांबूस आणि घट्ट. त्यातून गुडघाभर उंचीची झुडपे वर आलेली असतात: लेदरलीफ, लॅब्राडोर टी, मॉसवर दोऱ्यासारखी पसरलेली क्रॅनबेरी, आणि मध्येमध्ये खुरटलेले ब्लॅक स्प्रूस. लॅब्राडोर टीचे पान उलटे केले की खाली गंजाच्या रंगाची दाट लव दिसते. याच पानांचा चहा या भागातले ओजिब्वे लोक पूर्वीपासून करत आले आहेत. पान चुरगळले की राळेसारखा उग्र वास येतो आणि चावले तर जीभ हिरड्याइतकी नाही, तरी तुरट होते.

स्फॅग्नमला मुळे नसतात. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या मधोमध मोठ्या रिकाम्या पेशी असतात आणि त्यांच्या जोरावर तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतो. त्याच्या पेशीभित्तिकांमध्ये युरोनिक आम्ले भरपूर असतात. पावसाच्या पाण्यातून आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ती पकडून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात, त्यामुळे भोवतालच्या पाण्याचा सामू 4 च्या आसपास येतो. पावसातून येणारा थोडासा नत्रही हा गालिचाच आधी उचलतो, आणि खालच्या मुळांपर्यंत फार थोडा पोहोचतो. मेल्यावरही मॉस सहज कुजत नाही. त्याच्या भित्तिकांतला स्फॅग्नन नावाचा शर्करायुक्त पदार्थ प्रथिनांना बांधून टाकतो आणि सूक्ष्मजीवांची एन्झाइमेही प्रथिनेच असल्यामुळे तीसुद्धा त्यात अडकतात. 1950 साली डेन्मार्कमध्ये पीट काढताना जो टोलुंड मानव सापडला, त्याची त्वचा आणि हनुवटीवरचे खुंट दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही शाबूत होते, कारण मॉसच्या पाण्याने त्याचे कातडे कमावले होते. आपल्याकडे कातडी कमावायला हिरडा आणि बाभळीची साल वापरतात. तिथली रासायनिक वाट वेगळी आहे, पण प्रथिने एकमेकांना जखडली की ती कुजत नाहीत, हा परिणाम तोच.

आता अशा जागी झुडपाने जगायचे कसे? पाणी आम्लधर्मी, नत्र मॉसने अडवलेला, आणि जो काही नत्र पीटमध्ये आहे तो मृत पदार्थांत बांधलेला. लेदरलीफ आणि त्याच्या कुळातली झुडपे ही अडचण आणखी वाढवतात असे प्रथमदर्शनी वाटते, कारण त्यांची जाड, चिवट पाने टॅनिन आणि इतर फिनॉलिक संयुगांनी भरलेली असतात. ती पाने गळून पडली की टॅनिन प्रथिनांना चिकटते आणि उरलासुरला नत्रही बंदिस्त होतो. पण या झुडपांच्या केसासारख्या बारीक मुळांमध्ये एक बुरशी राहते. तिच्याकडे प्रथिने तोडणारी एन्झाइमे आहेत, फिनॉलिक संयुगांवर चालणारी आहेत आणि इतर बुरशींच्या पेशीभित्तिका विरघळवणारीही आहेत. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात 1970 च्या दशकापासून झालेल्या कामातून हे स्पष्ट होत गेले की ही बुरशी बंदिस्त सेंद्रिय नत्र सोडवून झुडपाला देते आणि झुडूप तिला साखर पुरवते. म्हणजे झुडूप स्वतःच्या पानांनी नत्र अशा रूपात ठेवते की तो उचलणे इतरांना कठीण जावे आणि त्याच्या बुरशीला मात्र जमावे. याला वनस्पतींमधले युद्ध म्हणण्याची पद्धत आहे, पण मला तो शब्द पटत नाही. मॉसचे उंचवटे झुडपांच्या फांद्यांचा आधार घेऊनच वर चढतात, आणि मॉसने बुडवलेल्या फांद्यांना नवी मुळे फुटतात म्हणून झुडूप तगते. जिथे दोघांना एकमेकांच्या अंगावरच उभे राहायचे आहे तिथे युद्धापेक्षा शेजार हा शब्द मला जवळचा वाटतो, मग तो शेजार कितीही कडक का असेना.

आमचा प्रश्न दुष्काळाचा होता. 2001 साली वेल्समधल्या बँगोर येथील संशोधकांनी मांडले की पीट टिकून राहते ते एका कडीमुळे. फिनॉलिक संयुगे तोडणाऱ्या फिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. पाण्याखाली ऑक्सिजन नसल्यामुळे ते मंदावते, फिनॉलिक संयुगे साचतात, आणि ती साचल्यामुळे सेल्युलोज वगैरे तोडणारी बाकीची एन्झाइमेही दबून राहतात. पाणी खाली गेले, हवा आत शिरली की कडी निघते आणि हजारो वर्षांचा कार्बन हवेत जायला लागतो. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या झुडपी दलदलींवर ड्यूक विद्यापीठातून झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कामाने त्याला दुसरी बाजू जोडली. पाणी खाली गेल्यावर झुडपे वाढली, तर ती स्वतःच इतकी फिनॉलिक संयुगे पुरवतात की कडी पुन्हा बसू शकते. यांपैकी आमच्या दलदलीत काय घडते, हे आम्हाला पाहायचे होते. त्यासाठी तीन जागा निवडल्या होत्या: मध्यभागातला मॉसचा खोलगट भाग, त्याच्या शेजारचा झुडपांचा उंचवटा, आणि दलदलीचा काठ. काठावर भोवतालच्या टेकाडांतून भूजल झिरपते, तिथे लेदरलीफ जवळजवळ नसतेच, आल्डरची झाडे आणि लव्हाळ्यासारखे गवत असते.

दोन उन्हाळ्यांच्या आकड्यांनी आम्हाला कोड्यात टाकले होते. फिनॉलिक संयुगे सगळ्यांत जास्त काठावर मिळाली होती, जिथे झुडपे नव्हती. फिनॉल ऑक्सिडेजची क्रियाही सगळ्यांत जास्त काठावरच होती, आणि तीही दुष्काळातसुद्धा वीतभर खोलीवर पाण्याने भरलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पीटमध्ये. तोडणारे एन्झाइम जोरात आहे आणि तोडला जाणारा पदार्थही भरपूर आहे, या दोन गोष्टी एकाच जागी कशा असतील? आम्ही उत्तर शोधले होते. फिनॉलिक संयुगे मध्यभागातून वाहत काठाशी येत असावीत, आणि काठावरच्या भूजलातले फेरस लोह, म्हणजे ऑक्सिजनने अजून न बदललेले विरघळलेले लोह, एन्झाइमला चालना देत असावे. दुसऱ्या कल्पनेला आधार होता. तिबेटच्या पठारावरच्या एका पाणथळीवर झालेल्या 2017 च्या कामात लोह आणि फिनॉल ऑक्सिडेज यांचा असा संबंध दाखवला आहे. त्या स्पष्टीकरणावर मी एका परिषदेसाठी गोषवारा पाठवला होता आणि तो स्वीकारलाही गेला होता.

आणि आता माझ्यासमोर काठावरच्या पाण्याची शाई झाली होती. पाण्यात फेरस लोह होते हे आम्हाला माहीत होते, आम्ही ते आमच्या स्पष्टीकरणातही वापरले होते. ते पाणी मोजणीच्या नळीत गेल्यावर लोह तिथे काय करते, हा प्रश्न मात्र दोन वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता.

फिनॉलिक संयुगे मोजण्याची आमची पद्धत फोलिन अभिकर्मकाची होती. नमुन्यात हा पिवळा द्रव आणि सोडियम कार्बोनेट घातले की निळा रंग येतो, आणि निळा जितका गडद तितकी फिनॉलिक संयुगे जास्त असे धरायचे. पण फोलिन अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही. जो पदार्थ त्याला इलेक्ट्रॉन देईल त्याच्याशी तो निळा होतो, आणि फेरस लोह इलेक्ट्रॉन आनंदाने देते. एन्झाइमच्या मोजणीत आम्ही एल-डोपा नावाचे संयुग वापरत होतो. फिनॉल ऑक्सिडेज त्याचे रूपांतर तांबूस रंगात करते आणि तो रंग वर्णमापीत मोजला जातो. पण एल-डोपालाही लोहाबरोबर स्वतःचा रंग येतो, आणि ऑक्सिडीकृत लोह त्याला एन्झाइमशिवायसुद्धा बदलू शकते. आम्ही प्रत्येक फेरीत नुसत्या बफरमधल्या, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातल्या, एल-डोपाची कोरी नळी ठेवत होतो. उकळलेल्या नमुन्याची नळी, ज्यात एन्झाइम मेलेले असते पण लोह तसेच राहते, ती पहिल्या महिन्यानंतर बंद केली होती. तो निर्णय माझा होता. त्या पहिल्या महिन्यात आम्ही फक्त मध्यभागाचे नमुने घेतले होते, तिथल्या पाण्याला लोह पुरवणारे भूजल पोहोचत नाही, आणि उकळलेल्या नळ्यांना रंग आला नव्हता. तेवढ्यावरून मी वेळ वाचवला होता.

परतीच्या दीड तासाच्या रस्त्यात माझी विद्यार्थिनी गाडी चालवत होती आणि मी तिला हे सगळे सांगत होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला: नमुना उकळताना त्यातले फेरस लोह हवेने बदलून गेले तर आपली तुलनाच चुकेल, त्याचे काय? प्रश्न अगदी नेमका होता. म्हणून प्रयोगशाळेत पोहोचल्यावर आम्ही काठावरचा नमुना नायट्रोजन भरलेल्या छोट्या कुप्यांमध्ये घेतला, रबरी बुचे बसवून त्यांवर धातूची टोपी आवळली, आणि मगच त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. मध्यभागाचे आणि झुडपांच्या उंचवट्याचे नमुनेही तसेच केले. थंड झाल्यावर सगळ्यांत एल-डोपा घातले आणि घड्याळ लावले.

काठावरच्या उकळलेल्या नळीला रंग आला. न उकळलेल्या नळीला आला तितकाच, म्हणजे आमच्या उपकरणाला त्या दोघींत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. झुडपांच्या उंचवट्याची न उकळलेली नळी हळूहळू तांबूस होत गेली आणि उकळलेली जवळजवळ पांढरी राहिली, म्हणजे तिथे एन्झाइम खरेच काम करत होते. मी उपकरणासमोर उभी होते, आणि दोन उन्हाळ्यांत काठावर आम्ही ज्याला एन्झाइमची क्रिया म्हणत होतो ती फक्त लोहाची होती, हे मला त्या चार नळ्यांकडे पाहूनच कळले. आकडे नंतर लिहिले.

मग फेरोझिन घातले. हा अभिकर्मक फेरस लोहाशी जांभळा होतो आणि जवळजवळ दुसऱ्या कशाशी होत नाही. मध्यभागाच्या नळीत पाहावा लागेल इतका पुसट जांभळा आला, काठाच्या नळीत जांभूळ चिरडल्यासारखा. सहा क्रमांकाच्या बाटलीतले, हवा न लागलेले पाणी घातले तेव्हा रंग आणखी गडद आला, कारण पाच क्रमांकातले बरेचसे लोह तोवर ऑक्सिजनने बदलून शाईत गेले होते. शेवटी मोहर सॉल्ट या फेरस लोहाच्या क्षाराची ज्ञात तीव्रतेची द्रावणे करून त्यांच्याशी फोलिन अभिकर्मक किती निळा होतो ते मोजले, आणि काठावरच्या प्रत्येक जुन्या आकड्यातून लोहाचा वाटा वजा करायला बसलो. सुदैवाने लोहाची मोजणी दोन्ही वर्षे दुसऱ्या कामासाठी झालेली होती.

वजाबाकी पूर्ण व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजले. क्रम उलटला होता. फिनॉलिक संयुगे सगळ्यांत जास्त झुडपांच्या उंचवट्यात, त्याखालोखाल मॉसच्या खोलगट भागात, आणि सगळ्यांत कमी काठावर. पाण्याची पातळी हातभर खाली जाऊन हवा आत शिरलेली असतानाही उंचवट्यातली फिनॉलिक संयुगे ओल्या वर्षाच्या तुलनेत घटली नव्हती. एन्झाइम काम करत होते, तरी पुरवठा कमी पडत नव्हता. आमचे कोडे हे कोडे नव्हतेच, आणि त्या कोड्यावर उभा केलेला गोषवारा दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घ्यावा लागला. तसे लिहिताना मला दुःख झाले, पण त्या रात्री ते जाणवले नाही. त्या रात्री मला फक्त उंचवट्यात काय चालले आहे ते पाहायचे होते.

विद्यार्थिनीने आदल्या आठवड्यात लेदरलीफची मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून, त्यांचा गडद रंग काढून, ट्रिपॅन ब्लूने रंगवून ठेवली होती. त्यांतले एक मी काचपट्टीवर घेतले. नुसत्या डोळ्यांनी ते धाग्याच्या तुसासारखे दिसते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. इतर वनस्पतींच्या मुळांवर जी मूलरोमांची लव असते ती यांच्यावर नसते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी मधली बारीक वाहिनी दिसली आणि तिच्याभोवती मोठ्या पेशींचा एकच थर. भिंगाची फेरी थोडी फिरवली आणि त्या थरातली जवळजवळ प्रत्येक पेशी निळ्या दोऱ्यांच्या गुंडाळ्याने भरलेली दिसली, गोधडी शिवताना दोऱ्याचा गुंता हातात दाबून धरावा तशी. बुरशीचे तंतू बाहेरून येऊन पेशीची भिंत ओलांडतात, पण पेशीद्रव्याभोवतीचे पटल फाडत नाहीत. त्या पटलाला आत ढकलत ते वेटोळे घालतात आणि त्या वेटोळ्यातून देवाणघेवाण चालते. अशी पेशी काही आठवडेच टिकते, मग पुढची भरते. एका ठिकाणी मला एक तंतू मुळाबाहेर पडून बाजूला चिकटलेल्या मॉसच्या मृत पानाकडे जाताना दिसला. पानाच्या रिकाम्या पेशींची जाळी ओळखू येत होती आणि तंतू त्यातल्या एका छिद्रातून आत गेलेला होता.

त्या एका तंतूवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्याने माझा प्रश्न बदलला. या झुडपांच्या मुळांत राहणाऱ्या बुरशींपैकी ऑइडिओडेंड्रॉन मायस ही बुरशी प्रयोगशाळेत स्फॅग्नमचे मृत पदार्थ कुजवू शकते, हे कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे ज्या झुडपाची पाने फिनॉलिक संयुगांनी कडी घट्ट करतात, त्याच झुडपाची मुळे साखर देऊन अशी एक सोबतीण पोसतात जी ती कडी आतून सोडवू शकते. दुसरीकडे, मेलेल्या बुरशीच्या तंतूंमध्ये मेलॅनिन असेल तर ते तंतू स्वतःच सहज कुजत नाहीत आणि पीटमध्ये भर घालतात. यातली कोणती बाजू वरचढ ठरेल, हे तापमान वाढत असताना फार महत्त्वाचे आहे. उत्तर मिनेसोटातच, मार्सेल येथील प्रायोगिक वनात, एका दलदलीचे तुकडे मोठ्या पारदर्शक कुंपणांमध्ये घेऊन भोवतालपेक्षा 9 अंश सेल्सियसपर्यंत अधिक तापवण्याचा प्रयोग 2015 साली सुरू झाला. तिथे उष्णता वाढवलेल्या कुंपणांत स्फॅग्नमचा गालिचा विरळ झाला आणि झुडपांच्या बारीक मुळांची वाढ मोठ्या प्रमाणात वाढली. मुळे वाढली म्हणजे त्यांच्यातली बुरशीही वाढली असणार. दलदल उद्या कार्बन सोडणार की धरून ठेवणार, हे पाण्याच्या पातळीवरून सांगता येते असे मी इतके दिवस शिकवत आले होते. आता मला वाटते की कोणती वनस्पती तिथे आहे आणि तिच्या मुळांत कोण आहे, हे विचारल्याशिवाय पाण्याची पातळी अर्धेच उत्तर देते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी काठावरचे सगळे पाणी जागेवरच आम्ल घालून, नायट्रोजनखाली बंद केले, आणि प्रत्येक बाटलीवर ती कधी उघडली ते लिहायला जागा ठेवली. मग उंचवट्यातून दांतेरी सुरीने पीटचा एक ठोकळा कापून काढला. त्यात लेदरलीफची एकच फांदी तळापासून वरपर्यंत उभी होती आणि तिला ठरावीक अंतरांवर मुळांचे झुपके फुटले होते. मॉस जसजसा वर चढत गेला तसतशी फांदी बुडत गेली आणि तिने वरच्या थरात नवी मुळे काढली. सगळ्यांत वरचा झुपका पांढुरका आणि ओला होता, खालचे एकेक करून गडद होत गेले होते, आणि तळाचा झुपका मेलेला असूनही त्याचा आकार तसाच होता. त्यातली मुळे बोटाने अलगद सुटी करता आली.

त्या ठोकळ्याच्या शेजारी आम्ही नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या पुरल्या. सगळ्यांत सारखाच वाळवलेला, वजन केलेला स्फॅग्नम भरला आहे. एका प्रकारच्या पिशवीची जाळी इतकी बारीक आहे की आत ना मूळ जाऊ शकते ना बुरशीचा तंतू. दुसरीतून तंतू जातो पण मूळ जात नाही. तिसरी दोघांनाही मोकळी आहे. निम्म्या पिशव्या झुडपांच्या उंचवट्यात आहेत आणि निम्म्या जिथे झुडपे नाहीत अशा मॉसमध्ये. पहिला संच ऑक्टोबरात, वरचा थर गोठण्याच्या आधी, काढायचा आहे, आणि उरलेले पुढची दोन वर्षे जमिनीतच राहतील.

काढलेली प्रत्येक पिशवी आम्ही आधी ओली असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार आहोत आणि मग वजन करणार आहोत. उकळलेल्या नमुन्याच्या नळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत.